दाराआडची सही

१

मुळगावात माझी चारशे सोळा घरं आहेत. मालकीचं त्यातलं एकच, आणि त्याचीही कौलं गळतात. पण मलेरिया खात्याच्या यादीत बाकीचीही माझ्याच नावावर. पंधरवड्यात सगळी फिरून व्हायला हवीत. पायरी चढायची, "कोणाक ताप?" म्हणून विचारायचं, असेल त्याचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. आणि निघताना पुढच्या दाराची उजवी फळी ओढून तिच्यामागे शिरायचं. तिथे, फळी आणि भिंत यांच्यामधल्या दीड हात जागेत, खात्याची चौकट छापलेली असते. तीन रकाने: तारीख, ताप, सही. ते भरले की घर झालं.

चौकट दाराआड का, तर दर्शनी भिंतीवर सरकारचा रंग कुणाला नको असतो, आणि पावसाचा शिंतोडा तिथवर पोचत नाही. एवढंच कारण. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते सगळं त्या दीड हात जागेतलं आहे.

माझ्याआधी ही घरं गोकुळदासाची होती. गोकुळदास माझा नवरा. चारचौघांत मी त्याला 'ते' म्हणायची, घरात 'तो', आणि चिडले की 'खात्याचा जावई', कारण खात्याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नसे. सात वर्षं त्यानं या वाटा तुडवल्या. डाव्या बुटाची नाडी तुटली तर नवी आणायला वेळ नाही म्हणून सुतळी बांधली, ती तीन वर्षं तशीच राहिली. कानावर लाल-निळी पेन्सिल. निळ्यानं तारीख, ताप असेल तर लाल खूण, नसेल तर आडवी रेघ, आणि शेवटी 'गो' अशी सही, खाली दोन टिंबं. ती टिंबं कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, एक तू नि एक मी. लोकांच्या दाराआड आमचा संसार मांडून यायचा मेला.

कुणाकडे पाणी प्यायला तर रिकामा पेला सोप्यावर पालथा घालून ठेवायचा. उघड्या पेल्यात पाणी राहतं, पाण्यात डास होतात. राहतं ते किती, थेंबभर. पण नाही, नियम म्हणजे नियम.

आमचं घर यादीत शेवटचं. त्या दिवशी संध्याकाळी तो उंबऱ्याबाहेर उभा राहून गंभीरपणे मला विचारायचा, "बाये, घरात कोणाक ताप?" आणि मी आतून सांगायची, "एकूच ताप आसा. सांजे घरा येता." मग तो खरोखर दाराआड जाऊन सही करायचा.

गेल्या ऑक्टोबरात गावात तापाची साथ होती आणि खात्यात माणसं कमी. नऊ तारखेला त्यानं आमच्या दाराआड सही केली आणि तापाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. त्या दिवशी त्याला स्वतःला ताप भरून चार दिवस झाले होते. दिवसाला पंधरा-वीस बोटं टोचणाऱ्या माणसानं स्वतःचं बोट टोचलं नव्हतं. "उद्या बघूया," म्हणायचा. चार दिवसांनी हॉस्पिटलात नेलं तेव्हा ताप डोक्यात चढला होता. मी त्याच्या शेजारी निजत होते. अंग कढत लागलं तेव्हा मनात म्हटलं, उन्हातनं आलाय. एवढं म्हणून कूस बदलली. हॉस्पिटलातून सामान परत आलं त्यात कपडे होते, घड्याळ होतं. बूट नव्हते.

जानेवारीत त्याच्या जागी मला घेतलं. बारावी सायन्स होते, म्हणून लगेच झालं. पहिले दोन महिने मी दाराआड रडायची. रडायला ती जागा फार चांगली. सही करायला लागतात तेवढी दोन मिनिटं कुणी विचारत नाही. मग रडणं आटलं आणि मी त्याच्या सह्या वाचायला लागले. चारशे सोळा घरांत चारशे सोळा वेळा त्याचं अक्षर. त्याच्याखाली मी माझ्या बॉलपेननं 'कमलाक्षी' लिहायची. नवरा-बायकोची एवढी पत्रं कुणाला मिळाली नसतील.

पण मेच्या अखेरीस गोवा राज्य झालं आणि जुलैत चौकट छापायचे खात्याचे नवे पत्रे आले. जुन्यावर गोवा, दमण आणि दीव. नव्यावर नुसतं गोवा. चतुर्थीला लोक घरं रंगवतात, त्यावर नवी चौकट छापायची असा हुकूम. म्हणजे आधी चुना, त्यावर नवा पत्रा. त्याचं एकही अक्षर उरणार नव्हतं.

तेव्हा मी एक खोटं बोलले. घराघरांत सांगितलं, "दाराआड चुना मारू नका. नवा नियम आहे." लोकांना काय, तेवढाच चुना वाचला.

२

श्रावणातला गुरुवार. पद्मावती मावशीचं घर वरच्या वाड्याच्या टोकाला, पोफळीच्या बागेच्या वर. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मुलगा वास्कोला, ती आणि एक मांजर एवढाच कारभार. दार नेहमी नुसतं लोटलेलं.

मी फळी लोटली. ती दर खेपेला जाऊन भिंतीला आपटते आणि मावशी आतून म्हणते, "मोड गो दार माजें." त्या दिवशी ती आपटली नाही. भिंतीपासून हातभर अलीकडे थांबली. लाकडाला लाकूड लागून थांबते तशी नव्हे. तांदळाचं पोतं मागे असावं तशी, मऊ.

पावसात दारं फुगतात. आमच्याकडचं प्रत्येक दार आषाढात कुरकुरतं. मी तेच म्हटलं आणि आत गेले.

"परत कित्याक आयलें गो?" मावशी म्हणाली. ती चुलीपाशी कुळीथ निवडत होती, बोटांनी.

"परत नाही मावशे. आत्तांच येतां हांव."

"आत्तांच लिवन गेलें न्हय तूं? उदक पियेलें, पेलो दवरलो, गेलें. आणि बूट कशे गो घातले आयज?"

मी चपला घालते. वर्षाचे बारा महिने. मावशीला दिसत नाही, पण पावलं कळतात. मांजर कुठल्या खोलीत आहे ते ती बसल्या जागी सांगते. मी म्हटलं, कुणी पोस्टमन-बिस्टमन आला असेल. बाहेर आले. सोप्यावर पितळेचा पेला होता, पालथा.

मग मी फळी ओढून दाराआड गेले. मागे पोतं नव्हतं, काही नव्हतं. चौकटीत माझ्या गेल्या खेपेच्या सहीखाली त्या दिवशीची तारीख होती. निळ्या पेन्सिलीनं. ताप, आडवी रेघ. गो. दोन टिंबं.

मला भीती वाटायला हवी होती. पण सगळ्यात आधी जे वाटलं ते सांगते: दहा महिन्यांनी घरचं पत्र आलं असं वाटलं. मी ती टिंबं बोटानं पुसून पाहिली. निळं बोटाला लागलं.

"मावशे," मी बाहेरून विचारलं, "काय बोललं का गो कोण?"

"तूं कितें उलयतलें? नेमीचेंच. कोणाक ताप."

३

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. घरी येऊन कागद घेतला आणि दोन शक्यता लिहिल्या. एक, कुणीतरी चावटपणा करतंय. दोन, मीच करतेय. दुसरीला जोर जास्त होता. माणूस गेल्यावर बायका झोपेत उठून चूल पेटवतात असं ऐकलंय. मी चालता चालता सही करत असेन. त्याची पेन्सिल आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात होती. काढून बघितली. आखूड झाली होती का? आधी मोजली नव्हती, त्यामुळे सांगता येईना. डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्र असायचं तिथे, गळ्यात, दोऱ्यात बांधली.

शुक्रवारी वरच्या वाड्यावरच्या बत्तीस घरांत माझ्याआधी तो होऊन गेला होता. शनिवारी तीस. आणि जिथे तिथे दार हातभर अलीकडे थांबायचं, मी आत जाऊन बाहेर येईतो फळी सैल झालेली असायची. दोन-तीन घरांतल्या लोकांनी विचारलंही, बाये, आज दोनदा कशी? चेहरा कुणी पाहिला नव्हता. दारावरून हाक आली, आतून 'ताप ना' म्हणून सांगितलं, झालं. दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या माणसाकडे कोण बघतो.

सोमवारी आमचे इन्स्पेक्टर सगुणबाब स्कूटरवरून तपासणीला आले. साठीला टेकलेला माणूस, अंगानं बारीक, आवाज मात्र नाटकातल्या राजाचा. गोकुळदासाला खात्यात त्यांनीच शिकवलं होतं. सुई कशी धरायची इथपासून. त्यांनी एका घरात फळी ओढली, चष्मा पुसला आणि बराच वेळ दाराआडून आलेच नाहीत.

"हें अक्षर कोणाचें?" बाहेर येऊन त्यांनी विचारलं. आवाजातला राजा गेला होता.

"तुमीच सांगात," मी म्हटलं.

ते सोप्यावर बसले. घरच्या बाईनं पाणी आणलं ते प्याले. "तूं लिवतंय?"

"माहीत नाही, सगुणबाब. खरंच माहीत नाही."

"रजा घे. तुझ्या जाग्यार धाडूंक मनीस ना म्हाका, तरी सांगतां. घे."

"ताप वाढलाय. सड्यावरच्या शेडीत नवी माणसं आली आहेत. रजा कशी घेऊ?"

"तोय असोच म्हणटालो," ते म्हणाले. मग भिंतीकडे बोट केलं. "आनी चुनो कित्याक मारूंक ना हांगा? चवथ आयली." घरची बाई मध्येच म्हणाली की तुमच्या बाईनंच सांगितलं, नियम आहे.

मला वाटलं सगुणबाब ओरडतील. ते उठले, स्कूटरपर्यंत गेले आणि पाठ करूनच बोलले. "असलो नियम ना, बाये. सात वर्सांत ताणें एक दीस रजा घेवंक ना. आतां तरी दी गो ताका."

मी ऐकून घेतलं. पण रजा द्यायची कुणाच्या हातात होती? मी त्याला दहा महिन्यांनी पकडलं होतं. निदान पकडत आले होते.

४

कारण तो नेहमी एकच घर पुढे असायचा. टिंबं ताजी असायची, पेला पालथा असायचा आणि त्यातला थेंब सोप्यावर अजून पसरत असायचा. मी भरभर चालायला लागले. एका घरातून निघताना पुढच्या घराचं दार कुरकुरलेलं ऐकू यायचं, मी पळत जायची, तोवर फळी सैल. मग मी दाराआड उभी राहून त्याच्याशी बोलायची. कौलं गळतायत, तुझी आत्या पेडण्याहून काजूगर पाठवते अजून, खात्याचे फॉर्म आता कोंकणीत यायचे की मराठीत यावरून कचेरीत दोन पक्ष पडलेत, तू असतास तर दोन्हीकडून बोलला असतास. मला हसूही यायचं. एका घरात सुनेनं मला दाराआड हसताना ऐकलं आणि पोराला आत नेलं.

पळापळीत मी कामं चुकवायला लागले. "ताप ना" म्हणाले की पुढे. कपाळाला हात लावून बघणं बंद. पाय दुखायचे, पाठ दुखायची, दुपारी हुडहुडी भरायची. चार डोंगर चढणाऱ्या बाईला दुसरं काय होणार, मी म्हणायची.

सड्यावरच्या, गावावरच्या खडकाळ माळावरच्या, शेडी मी टाळत होते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. तिथे खाण कंपनीच्या चाळीचं बांधकाम चाललं होतं, कोल्हापूर-बेळगावकडची चाळीस-पन्नास माणसं पत्र्याखाली राहत होती. शेडींना दारं नव्हती, किंतानाचे पडदे होते. दार नाही म्हणून चौकट नाही, नोंदी माझ्या वहीत. आणि दार नाही म्हणून तिथे तो नसणार. सोमवारी जायचं ते मी गुरुवारी गेले.

पहिल्याच शेडीत गडहिंग्लजची गंगा पडदा धरून उभी होती. आत तिचा नवरा दादू दोन गोधड्या घेऊन थरथरत होता, दातांचा आवाज बाहेर येत होता.

"तीन दिस झालं," गंगा म्हणाली. "म्या म्हटलं, सोमवारी बाई येत्यात. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी वाटंला जाऊन बसले हुते तुमच्या."

दादूचं बोट टोचलं, काच घेतली, गोळ्या दिल्या, पाणी पाजलं. मग गंगाचं बोट धरलं. सुई टेकवली तर तिनंच माझं मनगट धरलं.

"आवं बाई, तुमचाच हात कसला तापलाय."

"उन्हातनं आलेय," मी म्हटलं.

गंगानं पडदा बाजूला करून बाहेर बघितलं. सड्यावर आठ दिवस पाऊस ओतत होता, समोरचा काजूसुद्धा दिसत नव्हता. "हे गोव्याचं ऊन लई न्यारं हाय," ती म्हणाली. "आमास्नी दिसंना झालंय." मग माझं मनगट न सोडता, "समद्यास्नी टोचत फिरताय. सोताला कवा टोचलं?"

"उद्या बघूया," मी म्हटलं.

ते शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकू आले. त्याच सुरात. मी वही उचलली आणि निघाले. उतरताना दोनदा खाली बसले.

५

साडेपाचला घरी आले. पाऊस थांबला होता आणि अंगणात ते पिवळं, नको तेव्हा पडणारं ऊन पडलं होतं. दाराला कुलूप होतं. सकाळी मीच घातलेलं. काढलं, कडी सरकवली, फळी लोटली.

ती हातभर अलीकडे थांबली.

घर आतून जसं ठेवून गेले होते तसं होतं. दोरीवर साडी, खिडकीत कंदील, न्हाणीत गळणाऱ्या नळाचं टप टप. मी उंबऱ्याबाहेर उभी होते आणि माझा हात फळीवर होता. आमच्या घराची फळी मला माहीत आहे. पावसात ती फुगत नाही. फणसाची आहे, गोकुळदासानं स्वतः रंधा मारून बसवलेली. तरी मी म्हटलं, फुगली असेल. जरा जोरानं लोटली. ती इंचभर मागे गेली आणि तेवढीच परत आली. माणूस सरकून जागा देतो आणि पुन्हा नीट उभा राहतो, तशी.

फळीआडून आवाज आला. खर्र, खर्र. चुन्याच्या भिंतीवर पेन्सिल.

मी खाली बघितलं. फळीच्या तळाशी दोन बोटं फट आहे, तिथून मुंग्या येतात म्हणून मी नेहमी कटकट करायची. फटीत बूट होते. टाचा माझ्याकडे, टोकं भिंतीकडे. कॅनव्हासचे, लाल चिखलानं घोट्यापर्यंत माखलेले, चिखल ओला. डाव्या टाचेवर सुतळीचं सुटं टोक लोंबत होतं.

मी उंबऱ्यावर बसले. गळ्यातली किल्ली हाताला लागली. ती तिथेच होती.

पेन्सिल थांबली. मग काही नाही. टप टप नळ तेवढा. ती शांतता मी ओळखते, दिवसातून तीस वेळा तीच माझ्या वाट्याला येते. दारात प्रश्न विचारून झाला आणि आतून उत्तर यायचं आहे, तेव्हाची ती. फरक एवढाच की या खेपेला विचारणारा आत होता आणि सांगायचं मला होतं.

तो मला न्यायला आला होता की विचारायला, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही आणि आजही नाही. काय करायचं ते मात्र माझ्या हातात होतं, आणि दोन्ही गोष्टी सोप्या होत्या. 'ना' म्हणायचं. एक आडवी रेघ. मग अंथरूण घालायचं, पांघरूण घ्यायचं आणि उद्या बघूया म्हणायचं. चार दिवस पुरतात. त्याला पुरले होते. खरं सांगते, मला ते फार गोड वाटलं. एवढं चालायचं, एवढी दारं लोटायची, त्यापेक्षा एकदाच गाठायचं त्याला. तोंडावर 'ना' आलंही होतं.

पण मग मला दादूच्या दातांचा आवाज आठवला, आणि वाटेवर बसलेली गंगा. आणि दुसरंही आठवलं. हा माणूस मला आवडायचा तो खरं लिहायचा म्हणून. आयुष्यात खोटं लिहिलं ते एकदाच, याच भिंतीवर, आणि तेव्हा मी शेजारी असून विचारलं नव्हतं.

"आसा," मी म्हटलं. "म्हाका आसा ताप. चार दीस जाले."

मी पिशवीतून सुई काढली. दुसऱ्याचं बोट टोचणं सोपं. स्वतःचं टोचताना हात मागे जातो. तीन खेपा गेला. चौथ्या खेपेला टोचलं, थेंब काचेवर घेतला, पसरला, काच फुंकून वाळवली आणि कागदात गुंडाळून नाव घातलं. कमलाक्षी, घर चारशे सोळा. हे सगळं उंबऱ्यावर बसून, दाराकडे न बघता.

मागे टक् असा आवाज झाला. फळी भिंतीला टेकली होती.

अंधारायच्या आत मी उठले आणि फळी ओढली. चौकटीत त्या दिवशीची तारीख, गो, दोन टिंबं. तापाच्या रकान्यात लाल खूण. आणि खाली जमिनीवर, भिंतीला लागून, दोन ओले लाल ठसे, टोकं दाराकडे वळलेली.

६

काच सगुणबाबांनी स्वतः डिचोलीला नेली. ताप तोच निघाला, गोकुळदासाचा, वाईट जातीचा. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस काढले असतेत तर कठीण होतं. मी आठ दिवस पडून होते. सगुणबाबांच्या घरून पेज यायची. एका दुपारी गंगा सडा उतरून आली, बरोबर दादू, गालफडं बसलेला पण पायावर उभा. तिनं ज्वारीच्या भाकऱ्या आणल्या होत्या आणि मला दटावून खायला घातल्या. "आता ऊन कसं हाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, उतरलं.

पुढचा महिनाभर रजा घे म्हणून सगुणबाबांनी अर्ज स्वतःच लिहून आणला. मी सही केली. मग म्हटलं, "सगुणबाब, वाड्यावर निरोप द्या. दाराआड चुना मारा म्हणावं. तसला नियम नाही." त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसत बसले.

चतुर्थीला दोन दिवस होते तेव्हा मी चुना कालवला. उजवी फळी ओढून दाराआड गेले आणि सगळं शेवटचं वाचलं, वरून खाली. खूप वेळ लावला, कुणी विचारणारं नव्हतं. मग कुंचा भिजवण्याआधी बिस्किटांच्या डब्यातून पेन्सिल काढली, तिचं लाल टोक केलं आणि नऊ ऑक्टोबरपाशी आले. त्याच्या आडव्या रेघेवर मी लाल खूण केली. शेजारी, चौकटीबाहेर, तपासणाऱ्याची सही असते तिथे माझी केली. खाली दोन टिंबं दिली.

"गोकुळदास," मी भिंतीला म्हटलं, "तुला ताप होता रे. माझ्या लक्षात आलं होतं." आणि मग रडले, सुचेल तेवढं.

चुन्याचे तीन हात द्यावे लागले. निळं लवकर गेलं, लाल बराच वेळ दिसत राहिलं.

नव्या चौकटी छापून झाल्या. महिन्यानं मी परत कामाला लागले. पद्मावती मावशी "मोड गो दार माजें" म्हणते, पण आता ते मी आत पोचल्यावर, सवयीनं; कारण दार आपटत नाही. मी कुणाचंच दार आपटू देत नाही. हल्ली बहुतेक दारं भिंतीला टेकतात. तरी मी हळूच लोटते, पायानं नव्हे, हातानं, आणि शेवटच्या हातभर जागेत तर अगदी जपून. मागे कुणी लिहीत उभं असलं तर त्याला लागायला नको.